शाळेची गवत कापायची गाडी : 30 एप्रिल ते 20 जून

30 एप्रिलच्या संध्याकाळी आमच्या शाळेच्या मैदानाचं निम्मं गवत कापून झालं होतं आणि निम्मं तसंच उभं होतं. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, सकाळी झेंडावंदन. किल्ली फिरवली की गाडी नुसती टक टक करायची, इंजिन फिरायचंच नाही. शेवटी शिपाईमामांनी आणि मी विळे घेतले आणि झेंड्याच्या खांबाभोवतीचं तेवढं अंधार पडेपर्यंत हाताने काढलं.

मी कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला एका शाळेत खेळ शिकवते. आमच्याकडे बसून चालवायची गवत कापायची गाडी आहे. एका माजी विद्यार्थ्याने तीन वर्षांपूर्वी आपल्या फार्महाऊसवरची दिली. अमेरिकन बनावटीची, एका सिलिंडरची, खाली 42 इंचाचा डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं कवच, आणि त्यात दोन पाती. मैदान दीड एकराच्या आसपास. ही गाडी चालू असली की सकाळच्या तीन तासांत काम उरकतं, नसली की दोन माणसांचे दोन दिवस जातात. तरीही तीन वर्षांत तिला पेट्रोलशिवाय आम्ही काही दिलं नव्हतं. मीटरवर 212 तास पडले होते.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की कोल्हापुरात या गाडीची देखभाल कोण करतं, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. शाळा, सोसायट्या, फार्महाऊसवाले यांच्याकडे अशा गाड्या आता दिसायला लागल्यात. त्यातल्या कुणाचे तरी चार दिवस वाचतील.

2 मे, शुक्रवार. मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीच्या खर्चाचा अर्ज दिला. क्लार्कभाऊंनी पहिलाच प्रश्न विचारला, "जडसंग्रहात नंबर काय आहे हिचा?" जडसंग्रह म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. ती काढून बघितली तर गाडीची नोंदच नाही. देणगी म्हणून आली, फोटो काढले, आभाराचं पत्र गेलं आणि नोंद राहून गेली. जी वस्तू नोंदवहीत नाही तिच्यावर खर्च टाकता येत नाही. मला वाईट वाटलं, पण ते बरोबरच बोलत होते. मग उलटा प्रवास सुरू झाला : माजी विद्यार्थ्याकडून सहीचं देणगीपत्र, त्यावर गाडीचा मॉडेल नंबर आणि इंजिनचा नंबर, शाळा समितीचा ठराव, मग नोंद, मग तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता आणि शेवटी ॲडव्हान्स. तुमच्या संस्थेला अशी वस्तू कुणी दिली, तर ज्या दिवशी ती दारात येईल त्याच दिवशी देणगीपत्र घ्या आणि नोंद करून टाका. माझे यात बारा दिवस गेले, 14 मेला 12,000 रुपयांची मंजुरी हातात पडली.

तीन कोटेशनचीही एक अडचण होती. पुण्याच्या एका विक्रेत्याने 18,500 रुपये आणि मेकॅनिकचा येण्या-जाण्याचा खर्च वेगळा असं कळवलं, तेही "जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर बघू" म्हणून. बाकी दोघांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी "पूर्ण सर्व्हिसिंग" हा शब्दच काढून टाकला आणि सुटे भाग व कारागिरी अशी दोन वेगळी कामं दाखवली. सुट्या भागांना तीन कोटेशन सहज मिळाली. हा सल्ला क्लार्कभाऊंचाच, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळेच मार्गी लागलं.

कागद फिरत होते तोवर कमी पैशाची कामं करून घेतली. माजी विद्यार्थ्याने गाडीचं माहितीपुस्तक फोनवर पाठवलं होतं. ते दोन रात्री बसून वाचलं. इंग्रजी अवघड नाही, चित्रं चांगली आहेत. तुम्हीही आधी तेच करा.

6 मेला पहिल्यांदा गाडी उघडली. मामा सोबतीला होते. किल्ली काढून खिशात ठेवली आणि स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधली. हे दोन केल्याशिवाय डेकखाली हात घालायचाच नाही, पातं हाताने फिरवलं तरी इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला होता. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने तो घासला, कोरडं केलं आणि बॅटरी चौकातल्या दुकानात चार्जिंगला दिली. दुसऱ्या दिवशी 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे नवी घ्यायची गरज नव्हती. 150 रुपयांत काम भागलं. टक टक आवाजाचं कारण एवढंच होतं.

त्यानंतर सीट उचलली, आणि जे दिसलं ते माझ्या अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

सीटखाली एक छोटा स्विच असतो. चालवणारा उठला किंवा पडला की पाती फिरत असतानाच इंजिन बंद पडावं म्हणून तो असतो. आमच्या गाडीत त्या स्विचचा कनेक्टर काढलेला होता. त्याच्या दोन भोकांत तांब्याच्या तारेचा तुकडा वाकवून घुसवलेला आणि वर काळी टेप गुंडाळलेली. टेप जुनी होती, कडेला धूळ चिकटून घट्ट झालेली. कधीतरी गाडी सारखी बंद पडत असणार आणि कुणीतरी हा सोपा उपाय करून दिला असणार. म्हणजे तीन वर्षं आम्ही ही गाडी चालवली, मधल्या सुट्टीत पोरं मैदानात असताना चालवली, आणि मामा वाटेतला दगड उचलायला उतरले तेव्हाही खाली दोन्ही पाती फिरतच होती. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, मी तर शंभरदा उतरलोय की असा."

ती तार मी तेव्हाच काढली. स्विचची स्प्रिंग गंजून बसली होती, सीटवर बसलं तरी तो दाबलाच जात नव्हता. नवा 650 रुपयांना आला. ज्यांच्याकडे जुनी किंवा दुसऱ्याने वापरलेली गाडी आहे त्यांनी बाकी काही नाही तरी सीट उचलून एवढं आजच बघा. तार दिसली तर गाडी जागची हलवू नका.

9 मेला डेक खाली उतरवला. पाती फिरवणारा पट्टा काढण्याआधी तो कुठल्या पुलीच्या आतून आणि कुठल्याच्या बाहेरून जातो याचे फोनवर सहा फोटो काढले. पुढे त्या फोटोंवाचून मी अडकलेच असते. डेकच्या आत ओल्या गवताचा थर वाळून जवळजवळ दोन बोटं जाड झाला होता, शेणाच्या गोवरीसारखा. खरवडून काढला तर मागच्या कोपऱ्यात पत्रा गंजून भोक पडलेलं. पाती सोडवताना डेक आणि पात्याच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा म्हणजे पातं फिरत नाही. नट इंचातले असतात, आमचा 15/16 चा होता. 24 चा पाना त्यावर बसतो, पण किंचित सैल बसतो, म्हणून पूर्ण कडे असलेलाच वापरा, नाहीतर नटाचे कोपरे जातात.

10 मेला टेम्पोने डेक आणि पाती घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले. टेम्पोचे 600 रुपये. उद्यमनगरात काय होत नाही! ऑइल इंजिनांपासून फौंड्रीपर्यंत सगळं करून बसलेली माणसं तिथे शेडाशेडांतून काम करतात. पण गवत कापायची अमेरिकन गाडी म्हटल्यावर दोन ठिकाणी "आम्ही करत न्हाई" असं ऐकलं. तिसऱ्या शेडमध्ये एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी गाडी कसली, कुठली, काही विचारलं नाही. पातं हातात घेतलं, कडेवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "ह्येनं गवात कापत न्हाई मॅडम, ह्येनं तुटतंय. तुमच्या गवताची टोकं पांढरी पडत असणार."

अगदी खरं होतं. कापल्यावर दोन दिवसांनी आमचं मैदान वरून पांढुरकं, वाळल्यासारखं दिसायचं आणि मी पाणी कमी पडलं म्हणून जादा पाणी मारायला लावायची.

त्यांनी धार कशी लावली ते मी शेजारी उभी राहून बघितलं. ग्राइंडरवर पातं टेकवायचं आणि उचलायचं, टेकवायचं आणि उचलायचं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवायचं. एका जागी धरून ठेवलं तर पोलाद तापून निळं पडतं आणि मग ती धार टिकत नाही. कोन मूळचा होता तोच ठेवायचा. वस्तऱ्यासारखी धार द्यायची नाही, पहिल्याच खड्याला ती दुमडते. नंतर त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला, पातं मधल्या भोकातून त्यावर अडकवलं आणि हात सोडला. पातं डावीकडे कललं. डाव्या टोकाच्या मागच्या बाजूला ग्राइंडरचे दोन हात मारले, परत अडकवलं. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी पातं आडवं राहिलं, हललं नाही. "आता बेअरिंग खाणार न्हाई," म्हणाले. पात्याचं वजन एका बाजूला जास्त असेल तर सगळा हादरा स्पिंडलवर, म्हणजे पात्याच्या आसावर, जातो आणि बेअरिंग जातात. आमच्या एका स्पिंडलचे गेलेच होते, हाताने फिरवलं की वाळू घातल्यासारखा आवाज यायचा. बेअरिंगवर 6203 असा नंबर होता, तो सगळीकडे मिळणारा नंबर. शाहूपुरीतल्या दुकानात दोन बेअरिंग 380 रुपयांना मिळाले. पात्यांची धार 300 रुपये, डेकला पत्र्याचा तुकडा मारून वेल्डिंग आणि प्रायमर 900.

पट्ट्याबाबतीतही मिस्त्रींनीच मला वाचवलं. जुना पट्टा कडेने फाटला होता. मला वाटलं शाहूपुरीत असाच मापाचा मिळेल, चारशे-पाचशेत भागेल. त्यांनी पट्टा उलटा वाकवून दाखवला. या गाडीत ताणाची पुली पट्ट्याच्या पाठीवर दाबते, म्हणजे पट्टा पुढेही वाकतो आणि मागेही. शिवाय पाती चालू-बंद करताना तो पुलीवर घसरतो. त्यासाठी वरून कापडाचं वेष्टण आणि आत वेगळ्या जातीचा बळकट धागा असलेला पट्टा लागतो. "आमच्या चक्कीचा पट्टा घालशीला, पंधरा दिवस चालंल. मग ह्येच काम परत." स्वतःच्या दुकानातला पट्टा विकायची संधी असताना त्यांनी हे सांगितलं, याचं मला फार वाटलं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला. पाती, बेअरिंग, वेल्डिंग, बॅटरी, ग्रीस, ऑइल, प्लग, हे सगळं कोल्हापुरात होतं आणि चांगलं होतं. पट्टा, एअर फिल्टर, ऑइल फिल्टर आणि सीटचा स्विच एवढे चारच भाग गाडीच्या पार्ट नंबरने मागवायचे. अख्खी गाडी पुण्याला पाठवायची काही गरज नाही.

15 मेला ते चार भाग ऑनलाइन मागवले. 19 तारखेला पार्सल आलं. फिल्टर आणि स्विच बरोबर होते, पट्टा चुकीचा. मी मॉडेलच्या नावावरून मागवला होता आणि एकाच नावाच्या गाड्यांत वर्षागणिक डेक वेगळा असतो. पट्टा पाऊण इंचाने आखूड निघाला. मागवताना सीटखालच्या पट्टीवरचा पूर्ण नंबर द्यायचा, नुसतं नाव नाही. परत पाठवायचा कुरिअर 190 रुपये आणि पुन्हा नऊ दिवसांची वाट.

आणि त्याच आठवड्यात वळीव सुरू झाला. दरवर्षी मे अखेरीस दोन-चार सरी येतात, पण 2025 साली तो वळवासारखा आलाच नाही, आला तो ठाण मांडूनच बसला. 26 मेला मान्सून मुंबईतही पोचल्याची बातमी आली. आमचं मैदान वाळकं पिवळं होतं ते आठ दिवसांत हिरवंगार झालं. एरवी मला त्याचा आनंद झाला असता. त्या वेळी रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत येताना पोटात गोळा यायचा. शाळा 16 जूनला उघडणार आणि गवत रोज बोटभर वाढतंय.

पट्ट्याची वाट बघताना बाकीचं उरकलं. ऑइल बदलताना इंजिन थोडं कोमट हवं म्हणजे घाण तळाशी न बसता तेलाबरोबर बाहेर येते. आमचं इंजिन सुरूच होत नव्हतं, म्हणून गाडी भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये दोन तास ठेवली आणि ऑइल रात्रभर निथळत ठेवलं. निघालं ते डांबरासारखं. नवं 10डब्ल्यू-30 घातलं, साधारण 1.4 लिटर बसतं, पण मोजून ओतू नका, थोडं थोडं ओतून तेल मोजायच्या पट्टीवर बघत जा. जास्त झालं तरी इंजिनला वाईटच. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला तेलाचं बोट लावायचं आणि तो हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही. जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात दिलं. स्पार्क प्लगची फट 0.76 मिलिमीटर ठेवली, फट मोजायचं फीलर गेज मामांच्या मुलाने आणलं. एअर फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन वाळवता येतो, कागदी भाग मात्र धुवायचा नाही आणि त्यावर हवेची नळीही मारायची नाही, कागद फाटतो.

28 मेला बरोबर मापाचा पट्टा आला, 3,950 रुपये. 29 तारखेला फोटो बघून बसवला, डेक चढवला, चारही टायरची हवा पुस्तकाप्रमाणे केली आणि मगच डेकची पातळी बघितली. हवा कमी-जास्त असेल तर पातळी घेऊन उपयोग नाही. पात्याचं टोक जमिनीपासून किती वर आहे ते डावी-उजवीकडे मोजायचं, दोन्ही सारखं हवं. पुढची बाजू मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर खाली हवी. आमची उजवी बाजू बोटभर खाली होती, म्हणूनच मैदानावर पट्टे उमटायचे.

किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि दहा सेकंदांत बंद पडलं. पुन्हा लागलं, पुन्हा बंद.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकातलं पान परत वाचलं. 30 एप्रिलच्या आधी गाडी फेब्रुवारीत शेवटची चालली होती आणि तेव्हाचं पेट्रोल एप्रिल अखेरपर्यंत टाकीत होतं. टाकी मी 6 मेलाच रिकामी केली होती, पण कार्ब्युरेटरच्या वाटीतलं राहून गेलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. महिन्याभराच्या वर पडून राहिलं की तळाशी चिकट थर धरतो. वाटी सोडवली तर तळाला पिवळसर, गुळाच्या पाकासारखा लेप. पेट्रोल आत सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकातून उजेड दिसत नव्हता. क्लीनरचा फवारा मारला, तांब्याच्या वायरीची एक बारीक तार ओवली, पुन्हा फवारा मारला. भोकातून खिडकी दिसली. 180 रुपयांचा इंधन फिल्टरही त्याच वेळी बदलला.

31 मे, शनिवार. दुपारी साडेचारला गाडी लागली आणि लागलेलीच राहिली. आधी परीक्षा स्विचची घेतली. मैदानाच्या रिकाम्या कोपऱ्यात पाती चालू केली आणि मी सीटवरून नुसती वर उठले. इंजिन थांबलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा थांबलं. ब्रेक न दाबता किल्ली फिरवून बघितली, लागली नाही. मग मामांना बसवलं. ते उठले, गाडी थांबली, आणि ते खाली उतरून चाकाला हात लावून पाया पडले.

गवत तोवर पोटरीपर्यंत आलं होतं. ओलं गवत कापायचं नाही, ते डेकमध्ये चिकटतं आणि पुन्हा तोच गंज. 8 जूनला उघडीप मिळाली. सकाळचं दव उडाल्यावर, दहाला सुरुवात केली. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापलं तर गवताचं मूळ दुबळं होतं, म्हणून डेक सगळ्यात वर ठेवून एक फेरी, मग 11 आणि 14 तारखेला खाली खाली. टोकं हिरवीच राहिली. 16 तारखेला पोरं आली आणि पहिल्या तासाला फुटबॉल घेऊन पळाली.

एकूण खर्च 11,330 रुपये. उरलेले 670 कार्यालयात भरले. दोन बिलं परत आली : एकावर संस्थेचं नाव नव्हतं, माझं होतं, आणि वेल्डिंगच्या पावतीवर तारीख नव्हती. मिस्त्रींकडे पुन्हा जाऊन 20 जूनला ती पूर्ण करून दिली. बिल घेताना दुकानातच उभं राहून संस्थेचं नाव, तारीख आणि शिक्का या तीन गोष्टी बघून घ्या.

पावती लिहून देताना मिस्त्रींनी विचारलं, "गवात काय म्हणतंय?" मी फोनवर मैदानाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून, अगदी गवताच्या पात्यांपर्यंत नेऊन बघितला आणि फोन परत दिला. "पंचवीस तासानं आणा परत."

शेडमध्ये आता गाडीच्या हँडलला सुतळीने एक वही बांधली आहे. मामा त्यात तारीख आणि मीटरवरचे तास लिहितात. धार 25 तासांनी, ऑइल 50 तासांनी. पहिल्या पानावर, मामांच्या अक्षरात, सगळ्यात वर लिहिलंय : उतरायच्या आधी पाती बंद.